लालदिघीच्या काठचा ट्रामथांबा परत आला पाहिजे

कोलकात्याच्या मध्यभागी लालदिघी नावाचा एक जुना तलाव आहे. त्याच्या चारी बाजूंनी जो चौक उभा राहिला त्याला आज बिनय-बादल-दिनेश बाग, थोडक्यात बी.बी.डी. बाग, म्हणतात. उत्तर कोलकात्याच्या दाट वस्तीतून, चितपूर रस्त्याने आणि लालबाजारावरून येणारी ट्राम या तलावाला वळसा घालून परत फिरत असे आणि तलावाकाठी तिचा थांबा होता. हावडा आणि एस्प्लनेड यांना जोडणाऱ्या मेट्रोचे काम इथे निघाले तेव्हा रस्ता खणावा लागणार म्हणून ट्रामसेवा बंद करण्यात आली. ते काम पुरे झाले. मार्च २०२४ मध्ये हुगळीच्या पात्राखालून मेट्रो धावू लागली आणि चौकाखाली ‘महाकरण’ नावाचे स्थानक उघडले. ट्राम मात्र परतली नाही. हा थांबा परत आला पाहिजे असे माझे ठाम मत आहे. आणि तो हौशी सहलीसाठी नव्हे, तर रोज कामाला निघणाऱ्या माणसांसाठी परत आला पाहिजे. ऐतिहासिक चौक जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न या एका थांब्याशी जोडलेला आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिण्याची गरज वाटते.

लालदिघी इंग्रजांच्या आधीपासून इथे आहे. पश्चिमेला जिथे आज घुमटाची टपाल कचेरी दिसते, तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा जुना फोर्ट विल्यम होता आणि १७५६ मध्ये सिराजउद्दौल्याने तो घेतला. उत्तरेच्या बाजूला लांबलचक पसरलेली रायटर्स बिल्डिंग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या कारकुनांसाठी बांधली गेली आणि पुढे बंगालच्या सत्तेचे केंद्र झाली. ईशान्येच्या कोपऱ्यावर १८१८ चे सेंट अँड्र्यूज चर्च आहे आणि जवळच करन्सी बिल्डिंग आहे, जिचा मोडकळीस आलेला देह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सावरला. गव्हर्नर जनरल डलहौसीचे नाव या चौकाला होते. स्वातंत्र्यानंतर ते काढून ८ डिसेंबर १९३० रोजी रायटर्स बिल्डिंगमध्ये शिरून तुरुंगखात्याचा इंग्रज प्रमुख सिम्पसन याला गोळ्या घालणाऱ्या तिघा तरुणांची नावे देण्यात आली. ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेने २००४ आणि २००६ अशा दोन वेळा हा चौक जगातील धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत घातला, यावरून त्याचे मोल आणि त्याची अवस्था या दोन्ही गोष्टी कळून येतात.

या इमारतींच्या मधल्या जागेचा इतिहास मात्र राज्यकर्त्यांपुरता नाही. ट्रामने रोज येणारे कारकून, टंकलेखक, शिपाई, दलाल, विमा कचेऱ्यांतले हिशेबनीस आणि त्यांच्या जेवणाच्या वेळेवर पोट भरणारे फुटपाथवरचे खाणावळवाले यांनी या चौकाला ‘ऑफिसपाडा’ बनवले. ट्राम ही या वर्गाची गाडी होती. तिच्यात पहिला आणि दुसरा असे दोन वर्ग होते, आणि जुलै १९५३ मध्ये तेव्हाच्या इंग्रज मालकीच्या कंपनीने दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात फक्त एका पैशाची वाढ केली तेव्हा सारे शहर रस्त्यावर उतरले आणि ती वाढ मागे घ्यावी लागली. एका पैशासाठी एवढा क्षोभ का, हे आज कुणाला समजणार नाही. पण ज्याच्या घरचे महिन्याचे गणित त्या पैशावर बसलेले असते त्याला ते समजते. सत्तेच्या दाराशी सामान्य माणूस ज्या गाडीतून उतरत असे, तिचा थांबा मला रायटर्स बिल्डिंगच्या खांबांइतकाच या चौकाच्या वारशाचा भाग वाटतो.

२४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम कोलकात्यात पहिल्यांदा धावली, काही महिन्यांतच बंद पडली, १८८० नंतर नव्याने उभी राहिली आणि १९०२ मध्ये विजेवर गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये या सगळ्याला दीडशे वर्षे झाली आणि सोहळे झाले. परंतु त्या आधीच्या तीस वर्षांत ही व्यवस्था कशी आक्रसत गेली ते पाहिले तर सोहळ्याचे दुःखच व्हावे. १९४३ मध्ये नवा हावडा पूल खुला झाला तेव्हा त्यावरून पहिल्यांदा ट्राम गेली होती; १९९३ मध्ये त्याच पुलावरची ट्राम बंद झाली. पुढे ठिकठिकाणी उड्डाणपूल आले, मेट्रोची कामे आली, आणि प्रत्येक वेळी तेवढ्यापुरती म्हणून एकेक मार्गिका थांबवण्यात आली. मे २०२० च्या अम्फान चक्रीवादळात झाडे पडून तारा तुटल्या आणि एस्प्लनेड ते खिदिरपूर हा ‘मैदान’ नावाच्या शहरातल्या मोठ्या मोकळ्या जागेतून जाणारा मार्ग थांबला. १९०२ ची पहिली विजेची ट्राम ज्या मार्गावर धावली तोच हा मार्ग. तारा पुन्हा जोडणे हे काही अशक्य कोटीतले काम नव्हते.

या साऱ्या घटनांकडे मी एकत्र पाहतो तेव्हा मला सर्वांत जास्त खटकते ते हे की अमुक चौकात ट्राम नको असा निर्णय त्या त्या वेळी कुणी लोकांसमोर मांडला नाही, त्यावर चर्चा घडवली नाही आणि त्याची कारणे लिहून ठेवली नाहीत. तात्पुरते म्हणून जे थांबवले ते तसेच राहू दिले गेले. रूळ आधी वापरात नसतात, मग त्यांवर डांबर पडते, मग ते अपघाताचे कारण ठरतात आणि अखेर, ट्राम तर कधीचीच बंद आहे, मग रूळ कशाला, असा प्रश्न विचारला जातो. एखादी सार्वजनिक सेवा बंद करण्याचा अधिकार सरकारला जरूर आहे. पण ती बंद करायची असेल तर उघडपणे, आकडे मांडून आणि हरकती ऐकून बंद केली पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी मैदान-एस्प्लनेड हा वारसामार्ग सोडून बाकी ट्राम थांबवणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा निदान भूमिका उघड तरी झाली. त्याआधीच प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले होते. नागरिकांना आपल्या शहरातल्या गाडीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, यातच बरेच काही आले.

सरकारचा मुख्य युक्तिवाद रस्त्यांचा आहे. कोलकात्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी जेमतेम सहा टक्के जागा रस्त्यांसाठी आहे, वाहने वाढली आहेत, ट्राम संथ आहे आणि तिच्यामुळे मागची रांग अडते, असे सांगितले जाते. त्यातले पहिले विधान खरे धरले तरी त्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. जागा जितकी कमी तितकी ती माणशी मोजून वाटली पाहिजे. चौकात जाणाऱ्या खासगी मोटारीत बहुधा एक किंवा दोन माणसे बसलेली असतात आणि मालक कचेरीत असेपर्यंत ती मोटार तलावाच्या काठी जागा अडवून उभी राहते. दोन डब्यांची ट्राम शंभर-दीडशे माणसे घेऊन येते, त्यांना उतरवते आणि निघून जाते. उभ्या मोटारींनी व्यापलेल्या जागेबद्दल कुणी तक्रार करत नाही आणि मिनिटभर थांबणाऱ्या ट्रामबद्दल मात्र करतात, कारण मोटारवाल्याचा आवाज कचेरीत पोचतो.

ट्रामच्या संथपणाचे कारणही नीट पाहायला हवे. कोलकात्यातल्या रुंद रस्त्यांवर एके काळी रुळांसाठी रस्त्याच्या मधोमध राखीव पट्टा होता, काही ठिकाणी त्यावर गवत असे आणि त्यात दुसरे वाहन शिरत नसे. गेल्या काही दशकांत हे पट्टे काँक्रीटने बुजवून रस्त्याला सपाट जोडण्यात आले, म्हणजे मोटारींना तिथून जाता यावे. त्यामुळे ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकली, तिची चाल मंदावली आणि ती मंद आहे असा ठपका तिच्यावरच आला. ट्राममध्ये चढण्यासाठी प्रवाशांना आता रस्त्याच्या मध्यभागी, दोन्हीकडून धावणाऱ्या वाहनांमधून जावे लागते. म्हाताऱ्या माणसाने, कडेवर मूल असलेल्या बाईने हे कसे करावे? प्रवासी कमी झाले याचे आश्चर्य वाटण्यापेक्षा, इतके हाल सोसूनही लोक बसत राहिले याचे वाटले पाहिजे.

दुचाकीस्वारांची तक्रार मात्र मी हलकी लेखत नाही. पावसात ओल्या रुळावरून दुचाकीचे चाक घसरते आणि माणसे जखमी होतात, हे वास्तव आहे. ज्या शहरांत ट्राम नीट चालते तिथेही रूळ ओलांडताना तिरके न जाता काटकोनात जावे असे सायकलस्वारांना शिकवले जाते, म्हणजे धोका सगळीकडेच आहे. पण धोका खरा वाढतो तो रूळ उखडलेले, कडा उघड्या पडलेल्या आणि मार्गिका वेगळी न ठेवलेली असते तेव्हा. लालदिघीच्या काठाने तर ट्रामला पुरेल इतका वेगळा पट्टा मोटारींच्या उभ्या रांगा हटवल्या की आपोआप मिळेल.

आता मेट्रो आली, मग ट्राम कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. मेट्रोचे मला मनापासून कौतुक आहे; हावडा स्थानकावर उतरलेल्या माणसाला पूल आणि ब्रेबोर्न रस्त्याची कोंडी टाळून काही मिनिटांत महाकरणला पोचता येते, हे फार मोठे सुख आहे. पण मेट्रो आणि ट्राम यांची कामे वेगळी आहेत. मेट्रोची स्थानके एकमेकांपासून दूर असतात आणि खोल असतात. चितपूर रस्त्यावरच्या एखाद्या गल्लीतून चौकात यायचे असेल, दीड-दोन किलोमीटरच जायचे असेल, हातात सामान असेल, गुडघे दुखत असतील, तर जमिनीच्या पातळीवर दाराशी थांबणारी गाडी लागते. मेट्रोच्या नकाशात उत्तर कोलकात्याचा हा जुना पट्टा, कुंभारांचे कुमारटुली, छापखाने आणि ‘जात्रा’ या बंगाली लोकनाट्याच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांचे चितपूर, बाजूलाच राहतो. या वस्तीला चौकाशी जोडणारा धागा ट्रामचा होता. मेट्रोने लांबून आलेल्या माणसांना चौकाशी आणले, ट्रामने जवळची माणसे आणावीत. दोघींचा थांबा एकमेकींलगत असेल तर दोघींचेही प्रवासी वाढतील.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, जी प्रवासीसंख्येच्या तक्त्यात दिसत नाही. जमिनीवरच्या थांब्यावर माणसे उभी राहतात. उभी राहिलेली माणसे आजूबाजूला पाहतात, एकमेकांशी बोलतात, जवळच चहा घेतात, आणि त्यांच्या असण्याने संध्याकाळनंतरही जागा सुरक्षित राहते. भुयारातून आलेला प्रवासी सरळ आपल्या कचेरीच्या दाराशी बाहेर पडतो आणि संध्याकाळी तिथूनच खाली उतरतो. चौकाशी त्याचा संबंध रस्ता ओलांडण्यापुरता उरतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्य सचिवालय रायटर्स बिल्डिंगमधून हावड्याच्या ‘नबान्न’मध्ये हलवले गेले. तेव्हापासून या चौकाने आपली बरीच माणसे गमावली आहेत. अशा वेळी जमिनीवर माणसे आणणारी सेवा काढून घेणे म्हणजे सुंदर इमारतींच्या मधोमध वाहनतळ तयार करणे होय.

मैदानाच्या कडेने एक छोटा फेरा ठेवून तेवढाच वारसा म्हणून चालवायचा, हा सरकारचा तोडगा मला या सगळ्यात अधिक नुकसान करणारा वाटतो. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाने हौसेने बसावे आणि फोटो काढावेत यात वाईट काही नाही. पण ज्या गाडीने कुणी कामाला जात नाही ती गाडी टिकवण्याची गरजही हळूहळू कुणाला वाटेनाशी होते. एखाद्या वर्षी निधी मिळत नाही, सुटे भाग संपतात, रूळ जाणणारा कारागीर निवृत्त होतो आणि फेरा थांबतो. वाहतुकीचा वारसा वापरातच जिवंत राहतो. डब्यांची दुरुस्ती करणारे, रुळांचे सांधे बदलणारे, मोटरमन आणि कंडक्टर यांचे कसब रोजच्या कामाने शाबूत राहते, प्रदर्शनाने नव्हे.

तारांबद्दलही आक्षेप घेतला जातो आणि तो वारशाची खरी काळजी असलेल्यांकडूनही येतो. टपाल कचेरीचा घुमट तारांच्या जाळ्यातून का पाहायचा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला फार चांगले उत्तर फ्रान्समधल्या बोर्दो शहराने दिले आहे. तिथे गारोन नदीच्या काठी प्लास द ला बूर्स नावाचा अठराव्या शतकातला चौक आहे, जो गॅब्रिएल पिता-पुत्र या राजवास्तुकारांनी घडवला. विसाव्या शतकात त्याच्या समोरचा नदीकाठ गोदामांनी आणि मोटारींच्या वाहतुकीने भरून गेला होता आणि शहराची जुनी ट्राम १९५८ मध्ये काढून टाकली होती. भुयारी मेट्रोची योजना बराच काळ चर्चेत राहून बारगळली आणि १९९५ मध्ये महापौर झालेल्या आलँ ज्युपे यांच्या काळात शहराने पुन्हा ट्राम निवडली. ऐतिहासिक भागात तारा नकोत असा आग्रह होता. म्हणून दोन रुळांच्या मध्ये तुकड्यातुकड्यांनी विभागलेला तिसरा रूळ बसवला गेला; ट्रामचा डबा ज्या तुकड्याला पूर्ण झाकतो तेवढ्यातच वीज येते, त्यामुळे पायी चालणाऱ्याला धोका नाही. डिसेंबर २००३ मध्ये ट्राम सुरू झाल्यावर ही यंत्रणा वारंवार बंद पडत असे, लोक वैतागले, टीका झाली; पण शहराने ट्राम काढली नाही, यंत्रणा सुधारली. आज चौकाला लागून थांबा आहे, समोर २००६ मध्ये केलेले पाण्याचे उथळ आरसपानी पटांगण आहे, आणि २००७ मध्ये युनेस्कोने बोर्दोला जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेव्हा ट्राम त्या भागात धावत होती. त्याच वर्षी नीस शहराने प्लास मासेना हा चौक ओलांडण्यापुरती बॅटरीवर चालणारी ट्राम सुरू केली. लालदिघीचा वळसा काही फार लांब नाही. एवढे अंतर तारांशिवाय कापणारी गाडी आज कुठल्याही अर्थाने प्रयोग राहिलेली नाही.

बोर्दोची श्रीमंती कोलकात्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोर्दोला रूळ नव्याने टाकावे लागले, गाड्या नव्याने घ्याव्या लागल्या, चालक नव्याने शिकवावे लागले. कोलकात्याकडे आजही आगार आहेत, डबे आहेत, मोटरमन आहेत. जे दुसऱ्यांनी अफाट खर्च करून परत आणले ते आपल्याकडे शिल्लक असताना काढून टाकणे हा कसला व्यवहार?

हे मुंबईकराला पटायला हवे, कारण आपण हे करून बसलो आहोत. मुंबईत ट्राम १८७४ मध्ये आली, १९०७ मध्ये विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. फ्लोरा फाउंटन हा तिच्या मार्गावरचा महत्त्वाचा चौक होता. इंग्रजी नाव मागे टाकून तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या बलिदानाने हुतात्मा चौक झाला, जसा डलहौसी चौक बिनय-बादल-दिनेश बाग झाला. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी खोदकामात जुन्या ट्रामचे अवशेष सापडले, लोक पाहायला आले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापली गेली. आता त्या चौकाखालीही मेट्रोचे स्थानक आहे. पण फोर्टात जमिनीवरून थोडक्या अंतरावर जायचे तर बसच्या रांगेत उभे राहणे किंवा टॅक्सीसाठी पैसे मोजणे याला पर्याय नाही, आणि ट्राम परत आणावी असे कुणी म्हटले तरी ते आता शब्दशः पायापासून सुरू करावे लागेल. कोलकाता अजून त्या अवस्थेला पोचलेले नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. मेट्रोच्या कामासाठी काढलेले लालदिघीभोवतालचे रूळ मूळ जागी किंवा महाकरण स्थानकाच्या प्रवेशद्वाराला सोयीचे होतील असे पुन्हा टाकले जावेत आणि ज्या कामासाठी ते निघाले त्या कामाच्या पूर्ततेचाच तो भाग मानला जावा. थांबा रस्त्याच्या मध्यभागी नव्हे, तर तलावाच्या कठड्याला लागून, फुटपाथच्या उंचीचा असावा, म्हणजे चाकाची खुर्ची घेऊनही माणूस थेट डब्यात जाईल. लालबाजार ते चितपूर हा मार्ग सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या अंतराने चालावा, कारण वीस मिनिटांनी येते की चाळीस हे माहीत नसलेल्या गाडीची कुणी वाट पाहत नाही. तलावाभोवती मोटारी उभ्या करण्यास बंदी असावी आणि ट्रामच्या पट्ट्यात शिरणाऱ्या वाहनाला दंड व्हावा. तिकीट मेट्रोशी जोडलेले असावे. यातले काहीच न करता ट्राम तोट्यात आहे असे सांगितले जाईल, तेव्हा नागरिकांनी एकच विचारावे: चौकातल्या फुकट किंवा नाममात्र भाड्याच्या मोटारतळाचा तोटा कुणी मोजला आहे काय? त्या जागेचे आजच्या बाजारभावाने भाडे काढून दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवावेत, आणि ते पश्चिम बंगाल परिवहन महामंडळाने, महापालिकेने आणि पोलिसांनी एकत्र बसून लोकांसमोर ठेवावेत. त्यानंतरही ट्राम नको असे ठरले तर त्या निर्णयावर सही करणाऱ्याचे नाव तरी शहराला कळेल.